कुठे अडलंय का?

"मॅडम, जेवलात का?"

फोनवर हा निरोप आला की मी समजते, कुणाचा तरी प्रोग्रॅम बंद पडला आहे.

आमच्याकडे दारात उभं राहून कोणी कामाचं बोलत नाही. आधी टेकायचं, पाणी प्यायचं, भात कापून झाला का, म्हातारीचा खोकला कसा आहे हे विचारायचं; आणि मग निघताना, चपलेत पाय घालता घालता, ज्यासाठी आलो ते सांगायचं. माझ्याकडे कोडिंग शिकायला येणारी मंडळी हीच रीत फोनवरही पाळतात. "जेवलात का" एवढंच लिहितात आणि थांबतात. मी ऑफिसच्या कामात असते. दुपार कलल्यावर कधीतरी "हो, बोल" असं उत्तर देते. त्यावर "काही नाही मॅडम, सहजच" येतं. दिवेलागणीला "एक छोटासा डाउट होता" येतं. आणि त्यानंतर एक फोटो येतो.

तो मोबाइलने काढलेला लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो असतो. तिरका, मधोमध ट्यूबलाइट चमकत असलेला. त्यात सगळं दिसतं, फक्त खालची पट्टी कापलेली असते. नेमकं तिथेच मशीनने लाल अक्षरांत काय बिघडलं ते लिहिलेलं असतं. सुरुवातीला मला वाटायचं, घाईत राहून गेलं असेल. मग लक्षात आलं, ते मुद्दाम कापतात. लाल अक्षरं म्हणजे आपली चूक, आणि आपली चूक मॅडमना कशाला दाखवायची?

एका रविवारी मी यावरून जरा चिडूनच बोलले, तेव्हा शिकायला येणाऱ्यांपैकी एक जण हसायला लागला. त्याचं बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं. आजोबा धंद्यासाठी कर्जतला आले आणि इथलेच झाले.

"मॅडम, माझं गिऱ्हाईकपण असंच करतं," तो म्हणाला. "मी पहिलं विचारतो, फोन पाण्यात पडला होता काय? नाय, नाय, अजिबात नाय. आणि उघडून बघावं तर आत उल्हास नदी."

सगळे हसले. मीही हसले. पण पुढच्याच दिवशी त्याचाही फोटो आला, खालची पट्टी कापलेला.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. काम घरूनच असतं. सकाळी बसते ती संध्याकाळपर्यंत, आणि उठते तेव्हा मान वळत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं. त्यानंतर या मंडळींचे निरोप वाचायला घेते. रविवारी सकाळी पाच-सात जण घरीच येतात. कोणी पळसदरीहून, कोणी चौकहून, एक-दोन जण गावातलेच. मी फी घेत नाही. घ्यावी, असं घरचे म्हणतात. घेतली तर गर्दी तरी कमी होईल, असंही म्हणतात.

पण मला कोणाला नाही म्हणता येत नाही, याला कारण आहे. माझं माहेर लोधिवलीचं. वडील एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तेव्हा एक बाई होत्या. प्राध्यापक नव्हत्या, लॅब उघडायची, बंद करायची, मशीन चालू आहेत ना बघायचं, एवढंच त्यांचं काम होतं. माझ्याकडे घरी कॉम्प्युटर नव्हता. लॅब सुटल्यावर मी तशीच बसून राहायचे आणि त्या कुलूप हातात धरून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. "आधी ती लाल ओळ मोठ्यानं वाच," म्हणायच्या. बाकी काही सांगायच्या नाहीत. मी वाचायचे, अडखळायचे, पुन्हा वाचायचे. त्यांची बस चुकायची. त्यांनी मला ते कधी बोलून दाखवलं नाही. आज मी जी भाकरी खाते ती त्या खुर्चीमुळे. म्हणून "जेवलात का" आलं की कितीही दमलेली असले तरी मी "हो, बोल" असं लिहिते.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर या मंडळींमधल्या एकीला नोकरी लागली.

ती कडावची. तिशीच्या आतबाहेरची, एका शाळकरी मुलीची आई. बारावी झाल्या झाल्या लग्न झालं; पदवी तिने नंतर बाहेरून केली. त्याआधी काही वर्षं ती खालापूरकडच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. पहाटे कंपनीची गाडी फाट्यावर यायची. मुलगी झोपलेली असताना निघायचं आणि दिवसभर उभं राहायचं. पायांच्या शिरा फुगल्या तेव्हा तिने ते सोडलं आणि वर्षभर माझ्याकडे दर रविवारी येत राहिली. आता नवी मुंबईतल्या एका लहान कंपनीने तिला घरून काम करण्यासाठी घेतलं होतं. तीन महिने चाचणीचे, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. लॅपटॉप कंपनीने दिला होता.

"नाय झालं तर परत पॅकिंग," ती मला म्हणाली होती. "सासूबाईंनी तिथल्या मुकादमाला सांगूनपण ठेवलंय, जागा धरून ठेव म्हणून."

तिचा नवरा टेंपो चालवतो. माल कुठलाही असो, विटा, भाजी, लग्नाच्या खुर्च्या. माणूस बोलका. नोकरी लागली त्या दिवशी तो तिला घेऊन माझ्याकडे आला आणि काकड्यांची पिशवी दारात ठेवून म्हणाला, "मॅडम, हिनं आता कॉम्प्युटर चालवायचा आणि मी टेंपो. घरात स्टेअरिंग कोणाकडं, ते मात्र ठरलेलंच हाय."

"तुमच्या आईकडं," ती म्हणाली.

"बरोबर," तो म्हणाला.

मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, चला, एक जण पार गेली. आता हिचे निरोप कमी होतील.

ते वाढले. आधी ती आठवड्याला एखादा प्रश्न विचारायची. आता रोज विचारायला लागली. ऑफिसने दिलेलं प्रत्येक काम अडलं की माझ्याकडे यायचं. मी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, तुझ्या ऑफिसचा कोड मला दाखवायचा नाही, ते बरोबर नाही. तिने ते तंतोतंत पाळलं. मग ती काय करायची, तर ऑफिसमध्ये जे अडलं तसंच काहीतरी घरच्या विषयावर स्वतः लिहून मला पाठवायची. तिकडे ग्राहकांच्या तक्रारींची यादी असली तर इकडे म्हशींची यादी. कपिली, मोरी, बांडी. मी दिवसभर माझ्या ऑफिसचं काम करायचे आणि संध्याकाळी म्हशींचं.

दिवाळीनंतर असंच एक काम आलं. एका फाइलमधल्या तक्रारी वाचायच्या, महिन्याप्रमाणे त्यांचे गट करायचे आणि तक्ता दाखवायचा. तिच्या ऑफिसमध्ये तक्ता रिकामाच येत होता. वर शीर्षकं, खाली काही नाही. लाल अक्षरंही नाहीत. मशीनचं म्हणणं, सगळं व्यवस्थित आहे.

तिने म्हशी पाठवल्या. मी चालवून पाहिलं. तक्ता भरभरून आला.

"इथे तर चालतंय," मी म्हटलं.

"तेच तर ताई. घरी चालतंय, तिकडं चालत नाय."

ती मला पहिल्यापासून ताई म्हणते. मॅडम म्हटलं की मी परकी वाटते, असं म्हणते.

"त्या फाइलमध्ये माहिती आहे ना?"

"हाय ना. साहेबांनीच दिलीय फाइल."

मग आम्ही दोघी कोडच्या मागे लागलो. महिना चुकीचा वाचला जात असेल. तारखेची पद्धत वेगळी असेल. ओळी मोजायला पहिलीऐवजी दुसरीपासून सुरुवात होत असेल. रोज संध्याकाळी मी एक शंका सांगायचे, ती दुसऱ्या दिवशी तिकडे करून बघायची आणि संध्याकाळी लिहायची, "ताई, जेवलात का?" त्यावरूनच मला कळायचं की तक्ता अजून रिकामा आहे. तेव्हा कडावला भाताची झोडणी चालू होती. घरातले सगळे खळ्यावर आणि ही स्क्रीनसमोर. सासू येता जाता बोलायची. चाचणीचे तीन महिने संपत आले होते. पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी निर्णय होता.

त्याच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी, कडावची वीज गेली आणि त्यापाठोपाठ नेटही. सकाळी नवरा तिला टेंपोत घालून माझ्याकडे सोडून गेला. टेंपोत मागे भाताचा पेंढा होता. तिच्या केसांतही चार काड्या होत्या. तिची रोज सकाळी एक मीटिंग असते. टीममधले सगळे स्क्रीनवर जमतात आणि काल काय केलं, आज काय करणार ते सांगतात. मी तिला आतल्या टेबलाशी बसवलं आणि स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले. माझी मीटिंग सुरू व्हायला वेळ होता.

दार उघडं होतं. ऐकायचं नव्हतं तरी ऐकू येत होतं. एकेक जण बोलत होता. मग तिच्या साहेबांचा आवाज आला. साहेब मराठीच होते, आणि आवाजात घाई असली तरी त्रास नव्हता.

"तक्त्याचं काम कुठपर्यंत आलं?"

"चालू आहे सर."

"कुठे अडलंय का?"

"नाही सर. सगळं ठीक आहे."

"नक्की?"

"हो सर."

मी गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले. आदल्या संध्याकाळी याच बाईने मला निरोपात लिहिलं होतं की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतंय.

मीटिंग संपली. मी चहा तिच्यापुढे ठेवला.

"अगं, तू काही अडलं नाही असं का सांगितलंस?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच काहीतरी भलतं विचारलं.

"ते रोज विचारतात ताई. सगळ्यांनाच विचारतात. पद्धत हाय त्यांची."

"पद्धत?"

"म्हणजे... आपण नाय का विचारत, बरं हाय ना म्हणून? कोण सांगतं का, बरं नाय, गुडघा दुखतोय, नवरा ऐकत नाय? बरं हाय, असंच म्हणतात."

ती पुढे बोलत राहिली. एरवी ती एवढं सलग बोलत नाही.

"ऐन दुपारी कोणी आलं आणि विचारलं, जेवलात का? तर जेवलो म्हणायचं. नाय म्हटलं तर तो आता वाढा म्हणंल, नायतर त्याच्या घरी घेऊन जाईल. त्याला उगीच अडचण. साहेब एवढे कामात. त्यांनी विचारलं हेच खूप झालं."

मी खुर्चीत बसले. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिची टींटीं चालली होती. मला एकदम फार थकवा आला. तीन महिने हा साहेब रोज दार उघडून उभा होता आणि ही रोज त्याला नमस्कार करून माझ्या दाराशी येत होती. आणि मी, बाहेरची बाई, ज्या घराची मला खोलीही माहीत नाही, तिथलं हरवलेलं शोधत बसले होते.

"ते खुशाली विचारत नाहीत," मी म्हटलं. "तो त्यांच्या कामाचा भाग आहे. कोणी अडलं की ते सोडवायचं, त्यासाठीच ते विचारतात. तू ठीक आहे म्हणालीस की ते दुसऱ्याकडे वळतात."

"मग त्यांना वाटंल, हिला येत नाय."

"आता काय वाटत असेल? काम होत नाही आणि अडलंही नाही. म्हणजे काय?"

चहावर साय धरली होती. तिने ती बोटाने बाजूला केली.

"म्हणजे काम करत नाय," ती शेवटी म्हणाली.

"तसंच वाटेल."

त्या दिवशी मी तिला एक सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज मलाच कोरडा वाटला. ऑफिसचं काही अडलं तर आधी तिथे विचारायचं. तिथे विचारल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. यात तिचं भलं होतं, हे खरं. पण मला एक संध्याकाळ मोकळी हवी होती, हेही तितकंच खरं होतं. मी ते तिच्यापासून लपवलं नाही. "मीपण दमते गं," म्हटलं. तिने मान हलवली. "समजलं ताई," म्हणाली.

या भागात मास्तरांना "समजलं" म्हणतात ते मास्तरांना त्रास होऊ नये म्हणून. मीही शाळाभर म्हणत आले. त्यामुळे त्या "समजलं"वर माझा विश्वास बसला नाही.

शुक्रवारी तिचा निरोप आला नाही. शनिवारी संध्याकाळी टेंपो दारात थांबला. नवरा एकटाच होता. आत या म्हटलं तर आला, टेकला, पाणी प्यायला, माझ्या वडिलांची तब्येत विचारली, पळसदरीला कोणाच्या फार्महाउसवर विटा टाकून आलो ते सांगितलं. मग उठला. चपलेत पाय घातला.

"मॅडम, ती जेवत नाय नीट."

"काय म्हणते?"

"काय नाय म्हणती. तेच तर. लॅपटॉपकडं बघत बसती. मी म्हटलं, मॅडमला विचार. तर म्हणती, मॅडमनी बंदी घातलीय." तो हसला, पण कसनुसं. "मी म्हटलं, मग तुझ्या साहेबाला विचार. तर माझ्यावरच खेकसली. मी काय, टेंपो बंद पडला तर बोनेट उघडून रस्त्यात उभा राहतो. चार जण आपोआप येतात. तिचं बोनेटच उघडत नाय बघा."

"उद्या तिला आणा," मी म्हटलं. "लवकर आणा."

रविवारी ती आली. चेहरा उतरलेला होता. बाकीची मंडळीही आली होती. मी त्या दिवशी शिकवायचं बाजूला ठेवलं आणि म्हटलं, आज विचारायचं कसं ते शिकू. मोबाइलवाल्याला साहेब केलं. त्याला तो मान फार आवडला. त्याने माझी खुर्ची घेतली, कुणाचा तरी चष्मा मागून घेतला आणि आवाज जाड करून तिला म्हणाला, "बोला मॅडम, कुठं अडलंय का?"

"नाही सर," ती म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"पाण्यात पडला होता काय फोन?"

"नाय."

"नाय नाय म्हणता म्हणता दुकान बंद करायची वेळ आली बाई माझी."

ती हसली. आठवड्याभरात पहिल्यांदाच हसत असावी. मग तिने पुन्हा प्रयत्न केला. "सर, एक छोटासा... म्हणजे तुम्हाला वेळ असला तर... तसं काही घाई नाय..."

"झाला वेळ," साहेब म्हणाले. "मीटिंग संपली. सगळे गेले. मीपण जेवायला गेलो."

चौकहून येणारी एक मुलगी तिला म्हणाली, "ताई, तीन वाक्यं करा ना. मी हे केलं. असं व्हायला हवं होतं. असं होतंय. बस. चौथं वाक्य नाय."

"आणि माफी?" तिने विचारलं.

"कशाची माफी?"

"त्रास दिल्याची."

"ती शेवटी," मोबाइलवाला म्हणाला. "फोन दुरुस्त झाल्यावर."

तिने ती तीन वाक्यं किती वेळा म्हटली कोण जाणे. आधी म्हणताना मान खाली जायची. मग आवाज जायचा. नंतर नंतर वाक्यं नुसती वाक्यांसारखी यायला लागली, त्यांत लाज उरली नाही. नवऱ्याने टेंपो सुरू केला तेव्हा आत बसून तिचे ओठ हलत होते.

सोमवारी सकाळी माझं माझ्या कामात लक्ष लागेना. तिच्या मीटिंगची वेळ मला पाठ झाली होती. ती वेळ आली आणि गेली. माझी मीटिंग झाली. मी काय बोलले ते मला आठवत नाही. अकराच्या सुमारास फोन वाजला. निरोप नव्हे, फोन. ती कधी आपणहून फोन करत नाही. ताईंच्या कामात व्यत्यय नको म्हणून.

"ताई," ती म्हणाली. मागे झोडणीचा आवाज येत होता, फळीवर पेंढ्या आपटल्याचा. "ताई, फाइल रिकामी होती."

"काय?"

"मला ज्या फोल्डरमधली फाइल दिसत होती, ती सरावाची होती. नवीन आलेल्यांना देतात तसली. आत काय नव्हतंच. खरी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हाय, त्याची परवानगी मला कोणी दिलीच नव्हती. सर म्हणाले, अगं, ही द्यायची राहूनच गेली की. त्यांनी एक बटण दाबलं आणि तक्ता भरून आला."

"तुझा कोड?"

"तसाच. काय बदललं नाय."

इतक्या संध्याकाळी आम्ही तो कोड उलटापालटा केला होता. तारखा, महिने, ओळी. कपिली आणि मोरी. आणि कोडला काही झालंच नव्हतं. मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, फाइलमध्ये माहिती आहे ना. तिने हो म्हटलं होतं, कारण साहेबांनी दिलेली फाइल उघडून, आत काही आहे का, असं बघणं तिला साहेबांवर संशय घेतल्यासारखं वाटलं. आणि मीही ते हो धरून चालले. वर्षानुवर्षं हे काम करूनही.

"सर काही बोलले?"

"म्हणाले, हे आधी का नाय सांगितलंस. चिडून नाय. पण म्हणाले." मग म्हणाली, "मी तीन वाक्यंच बोलले ताई. चौथं नाय बोलले."

मला तिला शाबासकी द्यायची होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "बरं झालं." फोन ठेवल्यावर मी टेबलावर डोकं टेकलं. आनंद झाला होता, पण तो अंगात कुठेतरी खूप खाली होता. वर यायला त्याला वेळ लागत होता.

त्या आठवड्यात तिने रोज काही ना काही विचारलं. मला नाही, तिथे. एकदा तिने टीममधल्या एका मुलीला लिहिलं आणि ती मुलगी अर्धा तास तिच्याबरोबर बसली. हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं, कर्जतच्या चार फाट्यावर भेटला तेव्हा. "मॅडम, बोनेट उघडलं," म्हणाला. "आता बंद होत नाय. घरीपण विचारती, भाजीत मीठ का कमी, टेंपो कुठं होता. माझी पंचाईत."

शुक्रवारी निर्णय झाला. तिला कायम केलं नाही. चाचणी आणखी तीन महिने वाढवली. साहेबांनी तिला सांगितलं की शेवटच्या आठवड्यातलं काम चांगलं आहे, पण त्याआधी ती काय करत होती ते आम्हाला दिसलंच नाही. जे दिसलं नाही त्याच्या जोरावर कायम कसं करणार? हे त्यांनी सौम्यपणे सांगितलं, असं ती म्हणाली. आणि मला ते खरंही वाटलं. त्यांच्या जागी मी असते तर याहून वेगळं काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

जागा नको, असं सासूने मुकादमाला अजून कळवलेलं नाही. ती धरूनच ठेवली आहे. म्हातारीचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. तिने आयुष्यभर बघितलेल्या नोकऱ्यांना गेट होतं, गाडी होती, डबा होता. ओटीवर बसून करायची नोकरी तिला अजून नोकरी वाटत नाही, आणि आणखी तीन महिने तरी ती वाटणार नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी काम संपवून खिडकीपाशी बसले होते. समोरच्या शेतात कापणीनंतरचे सड उरले होते आणि त्यांत बगळे उतरले होते. डोळे चुरचुरत होते. फोनवर मोबाइलवाल्याचा निरोप आला होता, "हाय मॅडम", आणि त्याखाली काहीच नव्हतं. चौकच्या मुलीचा एक फोटो होता. मी उघडून पाहिला. तिरका होता, पण खालची लाल ओळ पूर्ण दिसत होती. त्यासाठीच बहुतेक तिने तो दोनदा काढला असावा.

तेवढ्यात कडावहून तिचा निरोप आला.

"ताई, जेवलात का?"

बोट सवयीने "हो" लिहू लागलं. "हो, बोल." इतकी वर्षं तेच लिहीत आले. दुपारपासून पोटात एक कप चहा आणि दोन बिस्किटंच गेली होती. मी ते "हो" पुसलं.

"नाही," असं लिहिलं. "आज फार दमलेय. चूल पेटवायचं त्राण नाही."

बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, तिला संकोचात टाकलं. असं कोणी खरं सांगत नाही. मग स्क्रीन उजळली.

"मग आज मी काय विचारत नाय. हे कर्जतला यायला निघालेत. वालाची भाजी आणि भाकरी पाठवते. आणि ताई, डबा परत द्यायची घाई नाय."

मी त्याला उत्तर म्हणून काही लिहिलं नाही. फोन पालथा ठेवला आणि टेंपोचा आवाज येईपर्यंत डोळे मिटून बसून राहिले.